सोलापुरातून मासळी निर्यात: सौदा ठरवण्याआधी काय तपासायचं

डाळिंब, केळी किंवा टॉवेल परदेशी पाठवणाऱ्या सोलापूरकराला मासळीचा धंदा फार परका नाही. रीफर म्हणजे थंड ठेवणारा कंटेनर ओळखीचा, न्हावाशेवा ओळखीचं, बँकेतली कागदपत्रंही तीच. तरीही पहिल्याच कंटेनरला हात पोळतात. डाळिंबात हिशोब बागेपासून बंदरापर्यंत मांडायची सवय असते. मासळीत तो उलटा मांडावा लागतो. आधी कोणत्या देशाचं बंदर, मग तिथला नियम, मग तो नियम पाळणारा कारखाना, मग त्या कारखान्याला माल देणारं तळं किंवा बोट, आणि भाव सगळ्यात शेवटी. स्वस्त माल आधी घेऊन मग गिऱ्हाईक शोधणाऱ्याला तो माल मुंबईच्या बाजारातच फुंकावा लागतो.

आधी धंद्याचा आवाका बघू. 2023-24 मध्ये भारतातून 17 लाख 81 हजार टन मासळी बाहेर गेली, किंमत सुमारे 60,524 कोटी रुपये. 2024-25 मध्ये वजन 16 लाख 98 हजार टनांवर उतरलं, पण रुपयातली किंमत 62,408 कोटींपर्यंत चढली. वजन घटून पैसा वाढतो, म्हणजे टन मोजून हा धंदा कळत नाही. यातला मोठा वाटा एकट्या गोठवलेल्या कोळंबीचा. 2023-24 मध्ये वजनात ती 40 टक्के होती, डॉलरमध्ये 66 टक्के. सगळ्यात मोठं गिऱ्हाईक अमेरिका, त्यामागे चीन. एक माल आणि एक गिऱ्हाईक यांवर एवढा भार असला की तिकडे कर हलला तरी इकडे आंध्रातल्या तळ्याकाठचा भाव त्याच आठवड्यात पडतो.

बाजार निवडताना

अमेरिकेत भाव बरा आणि मागणी मोठी, पण कर नीट समजून घ्या. भारतीय कोळंबीवर 2005 पासून अँटी-डंपिंग शुल्क आहे, म्हणजे माल फार स्वस्तात विकल्याच्या आरोपावरून लावलेला जादा कर. 2024 च्या अखेरीस त्यावर काउंटरव्हेलिंग शुल्क, म्हणजे सरकारी सवलतींची भरपाई करणारा कर आला, बहुतेक कंपन्यांसाठी 5.77 टक्के. ऑगस्ट 2025 मध्ये भारतीय मालावरचा जादा आयातकर 50 टक्क्यांवर गेला. असे दर राजकारणानुसार वरखाली होतात, म्हणून करार कराल त्या दिवशीचा दर आयातदाराच्या कस्टम ब्रोकरकडून लेखी घ्या. दुसरी मेख अशी की अँटी-डंपिंगचा दर माल पोचल्यावर, नंतरच्या आढाव्यात पक्का होतो. आज भरलेल्या रकमेवर पुढे जादा मागणी येऊ शकते. कोळंबीचे बरेच सौदे डीडीपी अटीवर होतात, म्हणजे माल कर भरून पोचवायचा आणि हा सगळा कर विकणाऱ्याच्या माथी. नवख्याने डीडीपीला हात लावू नये. एफओबी (माल इथे जहाजावर चढवून देईपर्यंत) किंवा फार तर सीआयएफवर (जहाजभाडं आणि विमाही तुमचा) थांबा.

शिवाय समुद्रातून पकडलेली भारतीय कोळंबी अमेरिका घेत नाही, कारण बोटीने ओढायच्या ट्रॉल जाळ्यात कासव सुटून जाण्याची सोय नसते. तिथे तळ्यातलीच कोळंबी चालते. सौदा करताना ‘रत्नागिरीची ताजी समुद्री कोळंबी’ असं कोणी कौतुकाने सांगू लागला, तर ती अमेरिकेसाठी नाही एवढं ध्यानात ठेवा.

युरोपात कर कमी, पण तपासणी जास्त. ऑगस्ट 1997 मध्ये युरोपियन युनियनने भारतीय मासळीवर सरसकट बंदी घातली होती. तिकडच्या तपासनीसांना इथल्या कारखान्यांचं पाणी, बर्फ आणि स्वच्छता पसंत पडली नव्हती. त्यानंतर कारखान्यांना सोलाईचं काम बाहेरच्या शेडमधून आत आणावं लागलं, स्वतःचा बर्फ आणि पाण्याचं शुद्धीकरण उभारावं लागलं. आज युरोपला फक्त त्यांच्या यादीतला, मंजुरी क्रमांक असलेला कारखानाच माल पाठवू शकतो. तळ्यात वाढवलेल्या भारतीय मालाच्या 100 खेपांतल्या 50 खेपांचे नमुने तिकडे पोचल्यावर तपासले जातात. 2016 पर्यंत हे प्रमाण 10 होतं. नमुन्यात अडकलेला कंटेनर बंदरात उभा राहतो आणि त्याचं वीजभाडं चालू राहतं. ते कोण भरणार, हे करारात लिहिलेलं असलं पाहिजे.

समुद्रात पकडलेल्या मासळीला युरोपसाठी कॅच सर्टिफिकेट लागतं, 2010 पासून. कोणत्या बोटीने, कधी, कुठे पकडली हे त्यात येतं, आणि भारतात ते एमपीईडीए या सागरी मालाच्या निर्यातीसाठीच्या सरकारी संस्थेमार्फत निघतं. गोड्या पाण्यातल्या मासळीला आणि तळ्यात बीज टाकून वाढवलेल्या मालाला हा कागद लागत नाही.

जपानची गोष्ट वेगळी. तिथे पोत, रंग, वास यांवर माल नापसंत होतो, आणि मालात उरलेल्या औषध-रसायनांच्या अंशांचा, म्हणजे अवशेषांचा नियम एका रात्रीत बदलू शकतो. 2012 मध्ये त्यांनी इथॉक्सिक्विन या खाद्यातल्या टिकाऊ द्रव्यासाठी 0.01 पीपीएमची (दहा लाखांत किती भाग) मर्यादा लावली आणि भारतीय कोळंबीच्या खेपा अडकल्या. 2014 मध्ये ती 0.2 पीपीएम झाली. दोष ना तळ्याचा ना कारखान्याचा, दोष खाद्याच्या गोणीतला. माल घेताना तळेवाल्याला ‘औषध घातलं का’ एवढंच विचारू नका, खाद्य कोणतं आणि कोणत्या बॅचचं तेही विचारा.

चीनला माल देणारा कारखाना त्यांच्या कस्टम खात्याकडे नोंदलेला हवा. 2022 पासून तो नोंदणी क्रमांक आतल्या आणि बाहेरच्या, दोन्ही वेष्टनांवर लागतो. आखाती देशांत नियम तुलनेने सोपे, खेप लहानही चालते, लेबलावर अरबी हवं. पहिली दोन-तीन वर्षं शिकण्यासाठी आखात बरं. नफा बारीक असतो, पण चूकही बारीक पडते.

कागद: डाळिंबवाल्यांना काय नवीन

आयईसी, म्हणजे आयात-निर्यातीचा कोड असेल तर तोच चालतो, फक्त दरवर्षी एप्रिल ते जून या काळात तो ऑनलाइन अद्ययावत करायला विसरू नका. न केल्यास तो बंद पडतो, आणि हे नेमकं शिपिंग बिल, म्हणजे कस्टमचा निर्यात अर्ज भरताना कळतं. डाळिंबासाठी अपेडा या शेतमाल निर्यातीच्या संस्थेची नोंदणी असते, ती मासळीला चालत नाही. मासळीला एमपीईडीएची नोंदणी लागते. ही संस्था 1972 च्या कायद्याने झाली, मुख्यालय कोचीला. नोंदणीचे प्रकार आहेत. स्वतःचा कारखाना असेल तर मॅन्युफॅक्चरर एक्सपोर्टर, नसेल तर मर्चंट एक्सपोर्टर. सोलापुरातून सुरुवात करणाऱ्याने मर्चंटच व्हावं. त्यासाठी मंजूर कारखान्याशी करार दाखवावा लागतो.

फळाला रोग-कीड नसल्याचं फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट, मासळीला हेल्थ सर्टिफिकेट. ते एक्सपोर्ट इन्स्पेक्शन एजन्सी देते, आपल्याला जवळची मुंबईची. हेल्थ सर्टिफिकेट मंजूर कारखान्यात तयार झालेल्या मालालाच मिळतं. माल तयार झाल्यावर कागद लावू म्हणणाऱ्यासाठी इथे दार बंद आहे.

कस्टमसाठी मालाचा प्रकार सांगणाऱ्या एचएस कोडमध्येही घोळ होतो. गोठवलेला अख्खा मासा 0303, फिलेट 0304, कोळंबी 0306, माकूळ (स्क्विड) 0307, आणि शिजवून किंवा मसाला लावून तयार केलेला माल 1604 किंवा 1605. पिठात घोळवलेली कोळंबी 0306 मध्ये टाकली की तिकडच्या कराचा आणि इकडच्या सवलतीचा, दोन्ही हिशोब चुकतात.

माल सोलापुरात आणू नका

ही सगळ्यात जास्त होणारी चूक. घरचं कोल्ड स्टोरेज आहे, मोकळं पडलंय, मग मासळी इथे आणून ठेवू, असं वाटतं. आपल्याकडची शीतगृहं बेदाण्यासाठी आणि डाळिंबासाठी बांधलेली, शून्याच्या वरच्या अंशांवर चालणारी. गोठवलेल्या मासळीला गाभ्यात उणे 18 अंश लागतात. तेवढं थंड करायला भिंतींचं इन्सुलेशन, कॉम्प्रेसर, दाराची रबरं, जमिनीखालची व्यवस्था, सगळंच वेगळं असतं. फळाच्या खोलीत थर्मोस्टॅट खाली ओढला म्हणून ती खोली फ्रीझर होत नाही.

मालाची जागा तळोजा, रत्नागिरी किंवा गुजरातेतलं वेरावळ. तिथल्या कारखान्यात तो गोठतो आणि तिथूनच बंदरात जातो. तुमचं सोलापूरचं काम म्हणजे गिऱ्हाईक, करार, कागद आणि नजर. त्यातलं नजरेचं काम फोनवर होत नाही. कंटेनर भरायच्या दिवशी स्वतः जा, नाहीतर भरवशाचा माणूस पाठवा.

कंदर-टेंभुर्णी भागात केळीचे कंटेनर भरणारी अनुभवी पोरं आहेत, पण त्यांची सवय इथे उलटी लागते. केळी जिवंत माल, ती श्वास घेते. म्हणून 13-14 अंश आणि हवेची खिडकी थोडी उघडी. गोठवलेल्या मासळीला खिडकी पूर्ण बंद हवी, कारण बाहेरची दमट हवा आत आली की कॉइलवर बर्फ साचतो. आणखी एक गैरसमज काढून टाका. रीफर माल गोठवत नाही, गोठलेला माल तसाच ठेवतो. उणे 12 वर भरलेला माल प्रवासात उणे 18 वर येईल ही आशा सोडा.

भरताना क्रम असा ठेवा. रिकाम्या कंटेनरचा पीटीआयचा, म्हणजे प्रवासाआधीच्या तपासणीचा कागद पहा. आत वास घ्या, मागच्या खेपेचा कांदा किंवा रसायन नाकाला कळतं. ड्रेनची भोकं तपासा. मग तयार मालातले चार-पाच खोके वेगवेगळ्या थप्प्यांतून काढा, गोठलेल्या ठोकळ्यात हाताच्या ड्रिलने भोक पाडा, प्रोब थर्मामीटर गाभ्यापर्यंत घाला आणि आकडा थांबेपर्यंत वाट पहा. उणे 18 पेक्षा गरम असेल तर भरणं थांबवा. कारखानदार कितीही घाई करो, थांबवा. भरताना रीफरचं युनिट बंद ठेवायचं, कारण चालू पंखा दारातून बाहेरची गरम हवा ओढतो. खोके लाल रेषेच्या वर जाऊ देऊ नका, वरून हवा खेळायला जागा लागते. डेटा लॉगर दाराजवळच्या थरात लावा, सगळ्यात आधी तिथेच तापमान चढतं. दार लावल्यावर सीलचा फोटो, क्रमांक ठळक दिसेल असा. रस्त्यावर रीफरला वीज द्यायला जेनसेट (डिझेल जनरेटर) लागतो. त्यात डिझेल किती आहे ते ड्रायव्हरच्या तोंडून ऐकू नका, टाकी बघा.

अवशेष: 9 मिलिग्रॅमचा कंटेनर

कारखाना चांगला, शीतसाखळी चांगली, तरी खेप परत येते ती बहुतेक वेळा दोन कारणांनी, प्रतिजैविकं आणि साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू.

युरोपने नोव्हेंबर 2022 पासून नायट्रोफ्युरान आणि क्लोरॅम्फेनिकॉल या बंदी असलेल्या प्रतिजैविकांपैकी नायट्रोफ्युरानच्या अवशेषांसाठी किलोला 0.5 मायक्रोग्रॅम आणि क्लोरॅम्फेनिकॉलसाठी 0.15 मायक्रोग्रॅम ही पातळी लावली. आकडा डोळ्यासमोर यावा म्हणून हिशोब करा. 18 टनांच्या अख्ख्या कंटेनरात नायट्रोफ्युरानचा अवशेष मिळून 9 मिलिग्रॅम झाला, की माल सीमेवर अडला. चिमूटभर मीठ याच्या कैक पट भरतं.

एवढं सूक्ष्म येतं कुठून? तळ्यात रोग पडल्यावर गावातल्या दुकानातून आणलेल्या बिनलेबलच्या पुडीतून. बीजकेंद्रातून, कारण पिल्लं वाचवण्यासाठी तिथेच औषध मारलेलं असतं आणि तळेवाल्याला पत्ता नसतो. आणि सोलणाऱ्या बाईच्या हातावरच्या मलमातून. भाजल्या-कापल्यावर लावायचं पिवळं मलम बहुधा नायट्रोफ्युराझोनचं असतं. कारखान्यात प्रथमोपचाराच्या पेटीत कोणतं मलम आहे, हे उघडून पहा. जखम असलेला हात मालाला लागता कामा नये, हा साधा नियम पाळला जातो का तेही पहा.

म्हणून कोळंबी घ्यायची तर नोंदणी झालेल्या तळ्यातलीच, आणि पकडण्याआधी एमपीईडीएच्या प्रयोगशाळेत तपासलेली. युरोपच्या मालाला हे प्री-हार्वेस्ट प्रमाणपत्र लागतंच, पण इतर देशांसाठीही ते मागा. ही तपासणी एलायझा पद्धतीची, म्हणजे पहिली ढोबळ चाळणी. कारखान्यातला तयार माल एलसी-एमएस-एमएस या नेमका अवशेष ओळखून मोजणाऱ्या यंत्रावर तपासून घ्या. खर्च जास्त येतो, पण परत आलेल्या कंटेनरच्या भाड्यापुढे किरकोळ. नमुना अख्ख्या कोळंबीचा द्यायचा की सोललेल्या मांसाचा, हे प्रयोगशाळेशी आधी ठरवा. सेमीकार्बाझाइड हा नायट्रोफ्युरानचा एक अवशेष कोळंबीच्या कवचात निसर्गतःही सापडतो, आणि औषध न घालता नमुना नापास होतो.

साल्मोनेला 25 ग्रॅम नमुन्यात अजिबात चालत नाही. त्याची वाट पाणी, बर्फ, पाल, पाखरं आणि जमिनीवर टेकवलेला क्रेट. कारखान्यात गेलात की बर्फाची खोली आधी बघा. बर्फ फरशीवर फोडत असतील, फावडं कोपऱ्यात टेकवलेलं असेल, तर प्रमाणपत्रं भिंतीवर कितीही लटकोत, तिथून उठा. अमेरिकेत एकदा कारखान्याचं नाव इंपोर्ट अलर्टवर, म्हणजे संशयित मालाच्या यादीवर गेलं की पुढची प्रत्येक खेप न तपासताच अडते, आणि नाव निघायला साधारणपणे लागोपाठ पाच खेपा निर्दोष दाखवाव्या लागतात.

बांगडा, तारली, कुपा घेणाऱ्यांची डोकेदुखी निराळी, हिस्टामाइन हे खाणाऱ्याला बाधणारं द्रव्य. मासा बोटीवर उन्हात राहिला की त्याच्या अंगात ते तयार होतं, आणि मग शिजवा, गोठवा, डबाबंद करा, जात नाही. कारखान्यात ते काढता येत नाही, बरंचसं बोटीवरच ठरतं. युरोपचा नियम नऊ नमुन्यांचा. सरासरी 100 मिलिग्रॅम प्रति किलोच्या आत, फार तर दोन नमुने 100 ते 200 मध्ये, 200 च्या वर एकही नाही. आपल्या हवेत बोटीवर एक किलो मासळीला एक किलो बर्फ धरावा. माकूळ-सेपियात कॅडमियम हा जड धातू बघायचा, मर्यादा 1 मिलिग्रॅम प्रति किलो. ते आतड्यात आणि यकृतात साठतं, म्हणून पोट साफ करताना पिशवी फुटू न देणारी बाई ही त्या कारखान्याची खरी संपत्ती.

उतारा, ग्लेझ आणि पैसे

भाव काढताना तळ्यावरचा दर विचारून भागत नाही. समजा अख्खी व्हनामेई (तळ्यात वाढवायची कोळंबीची जात) 300 रुपये किलो मिळाली. डोकं, साल आणि काळा दोरा काढून 52 टक्के उतारा आला, म्हणजे किलोमागे 520 ग्रॅम माल हाती लागला तर सोललेल्या मालाची कच्ची किंमत 577 रुपये पडते. उतारा 50 वर घसरला तर 600. किलोला 23 रुपये, 18 टनांच्या कंटेनरला 4 लाख 14 हजार. नफा एवढाच असतो बऱ्याचदा. म्हणून करारात उतारा कोणाच्या जबाबदारीवर, हे लिहा, किंवा तयार मालाचा दर ठरवून मोकळे व्हा.

काऊंट, म्हणजे एका वजनात किती नग बसतात तो आकडा, नीट वाचा. डोकं काढलेल्या मालाचा काऊंट पौंडाला, 16/20, 21/25, 26/30 असा. डोक्यासकट मालाचा काऊंट किलोला. दोन्हीत घोळ झाला की भांडण ठरलेलं.

ग्लेझ म्हणजे गोठलेल्या मालावरचं बर्फाचं पातळ कवच. माल सुकू नये, पांढरा पडू नये म्हणून ते हवंच. पण 20 टक्के ग्लेझचा 1 किलोचा पुडा म्हणजे 800 ग्रॅम कोळंबी. काही गिऱ्हाईकं स्वतःहून 30 टक्के ग्लेझ मागतात आणि लेबलावर भलतं वजन छापायला सांगतात. नको म्हणा. तिकडे बर्फ उतरवून वजन करतात, आणि खोट्या वजनात नाव तुमचं जातं. फॉस्फेटच्या पाण्यात भिजवून वजन फुगवण्याचंही तेच. युरोपात गोठवलेल्या कोळंबीला किलोमागे 5 ग्रॅमची मर्यादा आहे आणि लेबलावर ते लिहावं लागतं. काळे डाग टाळायला सल्फाइट वापरलं असेल तर तेही लेबलावर हवं, 10 मिलिग्रॅमच्या वर ते अ‍ॅलर्जीचा घटक धरलं जातं.

खर्च हलवणाऱ्या दोन गोष्टी तुमच्या हाताबाहेरच्या. सोयापेंड हा कोळंबीच्या खाद्यातला मोठा घटक, त्यामुळे बार्शी-लातूरचा सोयाबीन चढला की आंध्रातली कोळंबीही महाग पडते. 2021 मध्ये पेंडीचे भाव इतके वाढले की सरकारला जनुकबदल केलेल्या सोयाची 12 लाख टन पेंड आयात करायला परवानगी द्यावी लागली. दुसरी गोष्ट जहाजाची वाट. 2023 च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे युरोपची जहाजं आफ्रिकेला वळसा घालू लागली, आणि प्रवास साधारण दहा ते पंधरा दिवसांनी लांबला. तेवढे दिवस तुमचे पैसे पाण्यावर. खेळतं भांडवल मांडताना हे दिवस धरा. नव्या गिऱ्हाईकाशी 20-30 टक्के आगाऊ आणि बाकी कागद सोडवताना, किंवा चांगल्या बँकेचं एलसी, म्हणजे पैशांची हमी देणारं पत्र. गिऱ्हाईकाने पैसे बुडवले तर भरपाई देणारा, सरकारी ईसीजीसीचा विमा घ्याच.

उजनीचं काय?

प्रत्येक बैठकीत हा प्रश्न निघतो. 117 टीएमसीचं धरण, चिलापी, कटला, मरळ भरपूर, मग युरोपला का नाही? कारण सोपं आहे. भिगवण-इंदापूरच्या लिलावात मासा येतो तो दहा जणांच्या जाळ्यांतून, कोणाचा कुठला हे सांगता येत नाही. मंजूर कारखाना जवळ नाही. भीमेतून पुणे-पिंपरीचं सांडपाणी खाली येतं, त्यामुळे जड धातूंची तपासणी प्रत्येक खेपेला आलीच. आणि चिलापीत चीनच्या भावाशी गाठ. या मासळीला सोलापूर-पुण्याच्या ताटातच चांगला भाव आहे.

तरीही कोणाला करून बघायचं असेल तर अख्ख्या धरणाचा विचार सोडा. परवानगी असलेल्या एकाच पिंजऱ्याच्या किंवा शेततळ्याच्या मालकाला धरा, बीज कुठून आणलं, खाद्य कोणतं, औषध काय याची वही पहिल्या दिवसापासून ठेवा, आणि मासा 200 ग्रॅमचा झाला की पारा, शिसं आणि प्रतिजैविकं यांची तपासणी करून घ्या. तो कागद हातात आल्यावरच तळोज्याच्या कारखान्याला फोन लावा. ते पहिला प्रश्न त्या कागदाचाच विचारतील.